मेजर (मुख्य विषय) किंवा शाखा बदलून मिळण्यासाठी अर्ज कसा लिहावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिकवते, आणि शिकवण्याच्या जोडीला शाखाबदलाचे अर्ज वाचण्याचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. दर सत्राच्या सुरुवातीला तेच प्रश्न घेऊन वेगवेगळी मुलं दारात उभी राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. नियम कॉलेजागणिक बदलतात, ते तुमच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. पण अर्ज वाचणाऱ्याचं डोकं बहुतेक ठिकाणी सारखंच चालतं, आणि हे पान मुख्यतः त्याबद्दल आहे.

विषय बदलावासा वाटणारा मी एकटाच आहे का? हे अपयश समजायचं का?

एकटे तर मुळीच नाही. अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स या शिक्षणाची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये आकडे दिले होते. तिथे पदवीला प्रवेश घेऊन मेजर जाहीर केलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनी पहिल्या तीन वर्षांत ते बदललं होतं. गणितापासून सुरुवात करणाऱ्यांत तर हे प्रमाण ५२ टक्के होतं. जिथे बदलणं सोपं असतं तिथे इतकी मुलं बदलतात. जिथे अवघड असतं तिथे ती मनातल्या मनात बदलतात आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसतात, एवढाच फरक.

म्हणून अर्जात माफी मागू नका. 'माझ्या चुकीच्या निर्णयाबद्दल मला अत्यंत खेद वाटतो' असं वाक्य मी पुष्कळदा वाचलं आहे आणि दरवेळी पुढच्या ओळीवर गेले आहे.

फॉर्म भरला की काम होत नाही का? वेगळं पत्र कशाला?

काही ठिकाणी होतं. विद्याशाखा तीच असेल, पहिलंच वर्ष असेल आणि नव्या विषयाला जागांची मर्यादा नसेल, तर फॉर्म आणि दोन सह्या पुरतात. पत्र लागतं ते अडचणीच्या जागी: जागा कमी आहेत, मुदत संपली आहे, गुण थोडे कमी पडतात, किंवा कलेकडून विज्ञानाकडे अशी मोठी उडी आहे. फॉर्मवर 'कारण' म्हणून दीड ओळीची जागा असेल तर त्यात बारीक अक्षरात सगळं कोंबू नका. 'सोबतचे पत्र पाहावे' एवढं लिहा आणि पत्र जोडा.

अर्ज वाचणारा नेमकं काय शोधतो?

ही मुलगी किंवा हा मुलगा नव्या विभागात आला, तर ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडेल का? समितीच्या टेबलावर हा एकच प्रश्न असतो. जागा आहे का, पाया आहे का, मागे राहिलेले विषय कधी भरून काढणार, हे सगळे त्याच प्रश्नाचे फाटे.

आणि बहुतेक अर्ज याचं उत्तरच देत नाहीत. ते जुन्या विभागाची कैफियत मांडतात. तिथे शिकवण्याची पद्धत आवडत नाही, प्रयोगशाळेत मन रमत नाही, अभ्यासाचं ओझं झालं आहे, रात्री झोप लागत नाही. सगळं खरं असेल, आणि वाचताना वाईटही वाटतं. पण ही कैफियत वाचून झाल्यावर तुम्हाला इथून का निघायचं आहे तेवढं मला समजतं, तिकडेच का जायचं आहे ते समजत नाही. जुना विषय नकोसा झालेल्या माणसाला कुठलाही दुसरा विषय बरा दिसतो. वर्षभरानं हाच विद्यार्थी तिसऱ्या विषयासाठी अर्ज घेऊन येईल का, ही शंका तिथेच डोकं वर काढते.

एक साधी चाचणी सांगते. पत्र लिहून झालं की एका रंगानं जुन्या विषयाबद्दलची वाक्यं अधोरेखित करा, दुसऱ्या रंगानं नव्या विषयाबद्दलची. पहिला रंग तीनचार ओळींपेक्षा जास्त दिसला तर पत्र पुन्हा लिहा.

'आवड आहे' हे कसं सांगायचं? सगळेच तसं लिहितात.

आवड सांगू नका, तुम्ही काय केलंत ते सांगा. हे दोन परिच्छेद पाहा.

पहिला: 'मला लहानपणापासूनच संख्यांची अतिशय आवड आहे. संख्याशास्त्र हे आजच्या युगात अत्यंत महत्त्वाचे क्षेत्र असून त्यात करिअर करण्याचे माझे स्वप्न आहे.'

दुसरा: 'पहिल्या सत्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगात एकाच द्रावणाची पाच मापने पाच वेगळी आली. त्यातील कोणते खरे मानायचे, या प्रश्नात मी प्रयोगापेक्षा जास्त रमलो. त्यानंतर मी संभाव्यता हा ऐच्छिक विषय घेतला व त्यात 'अ' श्रेणी मिळवली. सध्या द्वितीय वर्षाच्या संख्याशास्त्राच्या तासांना प्राध्यापकांच्या परवानगीने बसत आहे.'

दुसऱ्यात 'आवड' हा शब्द एकदाही नाही. तरी हा मुलगा टिकेल असं वाटतं, कारण त्यानं पाऊल आधीच उचललं आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मला तपासून पाहता येते. तुमच्याकडे असं काही सांगण्यासारखं नसेल तर अर्ज आठवडाभर थांबवा आणि ते करून या: नव्या विषयाच्या दोन तासांना बसा, त्या अभ्यासक्रमातलं एक पाठ्यपुस्तक चाळा, वरच्या वर्गातल्या कुणाला तरी भेटून सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता ते विचारा. तो ऐकूनही जावंसं वाटलं तर अर्जात काय लिहायचं ते आपोआप सुचेल. नाही वाटलं तर अर्जाचा कागद वाचला.

खरं कारण सांगायचं की चांगलं दिसेल असं कारण?

खरंच सांगा, फक्त ते सगळंच्या सगळं सांगायला हवं असं नाही. नोकरीच्या संधी जास्त आहेत म्हणून बदलायचं असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र 'स्कोप आहे' एवढ्यावर सोडू नका. कोणत्या प्रकारचं काम, त्याला या विषयातलं काय लागतं, हे एका वाक्यात आलं पाहिजे.

जिवलग मित्र त्या शाखेत आहेत हे कारण असेल तर अर्ज लिहूच नका.

घरच्यांच्या आग्रहानं पहिला विषय घेतला होता. हे लिहू का?

एका वाक्यात, कडवटपणा न आणता. 'प्रवेशाच्या वेळी कुटुंबाच्या सल्ल्याने मी हा विषय निवडला. वर्षभराच्या अनुभवानंतर माझा कल वेगळा असल्याचे लक्षात आले' इथपर्यंत ठीक. त्यापुढे आईवडिलांवर आरोप सुरू झाला की वाचणारा अवघडतो, कारण त्या भांडणात त्याला पंच व्हायचं नसतं.

आणि घरी अजून सांगितलंच नसेल तर आधी सांगा. फी तेच भरत असतील तर ही बातमी त्यांना पावतीवरून कळू नये. माझ्या खोलीत एकदा एक वडील आले होते. मुलीनं शाखा बदलल्याला चार महिने झाले होते आणि त्यांना ते त्याच दिवशी कळलं होतं. त्यांचा राग शाखेवर नव्हता.

गुण कमी आहेत, एक विषय राहिलाही आहे. ते लिहायचं की गुणपत्रकात दिसेलच म्हणून गप्प बसायचं?

लिहा. गुणपत्रक तर सोबत जोडावंच लागतं, म्हणजे वाचणाऱ्याला ते दिसणार. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत तर तो स्वतःच अंदाज बांधतो, आणि असा अंदाज क्वचितच तुमच्या बाजूचा असतो.

लिहिण्याची रीत अशी: काय झालं, का झालं, आता काय वेगळं आहे. तीनचार वाक्यं. 'दुसऱ्या सत्रात सेंद्रिय रसायनात मी अनुत्तीर्ण झालो. त्या काळात मी आजारी होतो व सहा आठवडे वर्गाला येऊ शकलो नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. याच सत्रात गणिताचे दोन्ही विषय मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो आहे.' शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. गुण एकूण कमी असले तरी नव्या विषयाशी नातं असलेल्या विषयांत ते बरे असतील, तर ते वेगळे काढून दाखवणं तुमचं काम आहे. गुणपत्रकाच्या सहा ओळींतून ते शोधत बसायला समोरच्याकडे वेळ नसतो.

त्या विषयांतही गुण कमी असतील तर पत्रात कितीही गोड लिहिलं तरी उपयोग होत नाही. अशा वेळी एक सत्र थांबून त्यातला एखादा विषय ऐच्छिक म्हणून घेऊन चांगल्या श्रेणीत पास होणं, हाच खरा अर्ज.

मानसिक त्रास किंवा कुणाकडून झालेला जाच हे कारण असेल तर?

जाचाची तक्रार या अर्जात घालू नका. तिचा मार्ग वेगळा आहे, तिच्यासाठी वेगळी समिती असते आणि तिथे ती गांभीर्यानं घेतली जाते. शाखाबदलाच्या कागदात ती गेली तर दहा जणांच्या हातांतून फिरते आणि तपास कुणीच करत नाही. मानसिक आरोग्याबद्दल किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. 'आरोग्याच्या कारणामुळे' एवढंही पुरतं. समुपदेशक किंवा डॉक्टर यांचं पत्र असेल तर जोडा, तपशील त्यांच्या पत्रात राहू द्या.

पूर्ण विषयच बदलायला हवा का? मधला मार्ग असतो का?

पुष्कळदा असतो आणि तो कुणी विचारतच नाही. नवा विषय मायनर, म्हणजे उपविषय, म्हणून घेता येतो. काही ठिकाणी दोन मेजर एकत्र करता येतात. पदव्युत्तर शिक्षणाला विषय बदलता येतो. अशा बऱ्याच अभ्यासक्रमांना अमुकच पदवी लागते असं नसतं, विशिष्ट विषय पूर्ण झालेले असले म्हणजे झालं. तुम्ही शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर असाल तर या वाटा आधी तपासा. समितीही हेच विचारणार आहे, 'मायनर का चालणार नाही?' याचं उत्तर पत्रातच असलं तर निम्मी मुलाखत तिथे संपते.

क्रेडिटचं काय? झालेले विषय फुकट जातात का?

इथे जरा थांबते, कारण सगळ्यांत जास्त अर्ज याच खड्ड्यात पडतात.

पूर्ण केलेलं क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर खात्यात जमा होणारं अभ्यासाचं माप, सहसा पुसलं जात नाही, गुणपत्रकावर राहतं. पण नव्या मेजरसाठी ते मोजलं जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे. भाषा, सर्व शाखांना समान असलेला अभ्यास, पायाभूत गणित यांसारखे विषय बहुधा मोजले जातात. जुन्या मेजरचे खास विषय कधी ऐच्छिक म्हणून चालतात, कधी नुसतेच शिल्लक राहतात. हे कार्यालयात किंवा विद्यार्थी सल्लागाराकडे विचारून, शक्य तर लेखी घ्या.

मग हिशेब मांडा. समजा तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आहे. दोन सत्रांत तुमची ४० झाली. त्यांतली २८ नव्या मेजरला चालतात. उरली ९२, आणि सत्रं उरली चार, म्हणजे दर सत्राला २३. तुमच्याकडे एका सत्रात जास्तीत जास्त २४ घेता येत असतील तर जमतं, पण श्वास घ्यायला जागा राहत नाही. मर्यादा २२ असेल तर जमत नाही. मग सुट्टीतलं एखादं सत्र धरावं लागेल किंवा एक सत्र वाढेल.

नुसत्या बेरजेवर मात्र विसंबू नका. विषयांना पूर्वअटी असतात. गणित १ झाल्याशिवाय गणित २ नाही, ते झाल्याशिवाय प्रगत संभाव्यता नाही, आणि ती झाल्याशिवाय अनुमानशास्त्र नाही. ही चार कड्यांची साखळी चार सत्रं खाते, मग तुमची क्रेडिट कितीही जमलेली असोत. त्यात एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि तुमची ती वेळ हुकली, तर सरळ एक वर्ष पुढे. वास्तुशास्त्रातल्या स्टुडिओचं किंवा नर्सिंगच्या रुग्णालयातल्या कामाचं असंच असतं, एकावर एक रचलेलं. मधूनच आत शिरता येत नाही, बहुधा पहिल्या पायरीपासूनच चढावं लागतं.

हा हिशेब सत्रवार तक्त्यात मांडून पत्राला जोडा. पत्रापेक्षा तो तक्ता जास्त वाचला जातो. तक्ता जोडणारे अर्जदार इतके थोडे असतात की मी त्यांची नावं विसरत नाही.

अर्ज कधी द्यायचा?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी देऊ नका, एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या सत्राची विषयनोंदणी सुरू होण्याआधी निर्णय हाती यायला हवा. नाहीतर मंजुरी मिळते आणि विषयांचे वर्ग भरलेले असतात. नोंदणीची तारीख पाहा आणि तिच्या महिना-दीड महिना आधी अर्ज द्या.

कोणाला उद्देशून लिहायचं?

निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला. ते प्राचार्य असतील, अधिष्ठाता असतील, किंवा नव्या विभागाचे प्रमुख. माहितीपुस्तिकेत नसेल तर कार्यालयात विचारा. पत्र बहुतेक ठिकाणी सध्याच्या विभागप्रमुखांच्या मार्फत जातं, म्हणजे त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. त्यांना सही मागायला जाण्यापूर्वी तोंडी कल्पना द्या. आपला विद्यार्थी निघाल्याचं कागदावरून कळलं तर कुणालाही रुचत नाही, आणि मग ती सही टेबलावर पडून राहते. जुन्या विभागाबद्दल पत्रात कडवट का लिहू नये, याचं व्यावहारिक कारणही हेच: ते पत्र पहिल्यांदा तेच वाचणार आहेत.

किती लांब?

एक पान. तक्ता आणि गुणपत्रक वेगळे.

नमुना मिळेल का?

मिळेल, पण तो जसाच्या तसा उतरवू नका. एकाच नमुन्यावरून आलेले चार अर्ज एका बैठकीत समोर आले की चारही फिके पडतात. रिकाम्या जागी तुमचं लिहा.

दिनांक : ……

प्रति,
मा. अधिष्ठाता,
विज्ञान विद्याशाखा, ……

मार्फत : मा. विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग

विषय : मुख्य विषय रसायनशास्त्राऐवजी संख्याशास्त्र करून मिळण्याबाबत (विद्यार्थी क्रमांक ……)

महोदया,

मी प्रथम वर्ष विज्ञान शाखेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे. पुढील सत्रापासून माझा मुख्य विषय बदलून संख्याशास्त्र करावा, अशी विनंती आहे.

प्रयोगशाळेत मापनांतील फरकांचा अर्थ लावताना मला संख्याशास्त्राची ओळख झाली. त्यानंतर मी संभाव्यता हा ऐच्छिक विषय घेतला व 'अ' श्रेणीत उत्तीर्ण झालो. गणित १ व गणित २ या पूर्वअटीच्या विषयांत मला अनुक्रमे …… व …… गुण आहेत. या सत्रात मी द्वितीय वर्षाच्या संख्याशास्त्राच्या तासांना परवानगीने उपस्थित राहत असून तो अभ्यासक्रम मला पेलेल, असा विश्वास आहे.

दुसऱ्या सत्रातील सेंद्रिय रसायन या विषयात मी अनुत्तीर्ण आहे. आजारपणामुळे त्या सत्रात माझे सहा आठवडे बुडाले. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

माझ्या पूर्ण झालेल्या ४० क्रेडिटपैकी २८ नव्या मुख्य विषयासाठी ग्राह्य असल्याचे कार्यालयाने कळवले आहे. उर्वरित ९२ क्रेडिट चार सत्रांत पूर्ण करण्याचे नियोजन सोबतच्या तक्त्यात दिले आहे. त्यानुसार माझी पदवी मूळ मुदतीतच पूर्ण होईल.

संख्याशास्त्र हा उपविषय म्हणून घेण्याचा पर्यायही मी तपासला. मात्र मला पुढे ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश घ्यायचा आहे, त्यास आवश्यक असलेले अनुमानशास्त्र व प्रतिदर्श पद्धती हे विषय केवळ मुख्य विषयाच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध आहेत.

रसायनशास्त्र विभागातील प्राध्यापकांनी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल मी आभारी आहे. आवश्यक वाटल्यास प्रत्यक्ष भेटीसाठी मी उपलब्ध आहे.

आपला विश्वासू,
(सही)
नाव, वर्ग, दूरध्वनी, ईमेल

सोबत : १) गुणपत्रक २) सत्रवार नियोजन तक्ता ३) वैद्यकीय प्रमाणपत्र

या नमुन्यात मागणी पहिल्याच परिच्छेदात आहे. अनेक मुलं ती शेवटासाठी राखून ठेवतात आणि तोवर जन्मापासूनची हकिगत सांगतात. तसं करू नका.

भाषा किती नम्र असावी?

'विनंती' हा शब्द एकदा आला की पुरे. 'कृपावंत होऊन', 'आपल्या चरणी', 'माझे संपूर्ण भवितव्य आपल्या हाती आहे' यांनी वाचणाऱ्यावर नको तो भार पडतो. याउलट 'हा माझा हक्क आहे' हेही टाळा. पहिल्या अर्जात तर नकोच. साधी, सरळ, छोटी वाक्यं. मराठीत लिहायचं की इंग्रजीत, हे कॉलेजचा कारभार कोणत्या भाषेत चालतो त्यावर ठरवा. दोन्ही चालत असतील तर जी तुम्हाला स्वच्छ लिहिता येते ती. आणि शुद्धलेखन दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या, विशेषतः नव्या विभागाच्या नावाचं.

ईमेल चालेल का?

सांगितलं असेल तर चालेल. विषयाच्या जागी 'अर्ज' एवढंच लिहू नका. नाव, क्रमांक आणि 'मुख्य विषय बदल' हे तिथेच यावं. पत्र पीडीएफ करून जोडा आणि मजकुरात चार ओळी लिहा. मोबाइलवरून तिरपे काढलेले गुणपत्रकाचे फोटो पाठवू नका, मान दुखते. कागदावर देत असाल तर दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. अर्ज हरवतात, पोच दाखवली की सापडतात.

एआयकडून लिहून घेतलं तर कळतं का?

भाषेवरून खात्रीनं सांगता येत नाही. पण पत्रात सगळं छान आहे आणि तुमचं असं काहीच नाही, हे लगेच कळतं. पुढे मुलाखतीत 'तुम्ही लिहिलंय की तुम्हाला बहुविद्याशाखीय दृष्टिकोन हवा आहे, म्हणजे काय?' असं विचारल्यावर समोरचा पंख्याकडे बघतो. शुद्धलेखन तपासायला, लांबलेली वाक्यं कापायला मदत जरूर घ्या. तपशील मात्र तुमच्याशिवाय कुणाकडेच नाहीत.

शिफारसपत्र जोडावं का?

नव्या विभागातल्या ज्यांच्या तासांना तुम्ही बसलात, त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या तर मोलाच्या. ओळखीच्या मोठ्या माणसाचं पत्र किंवा फोन आणू नका. त्यानं एखादवेळी काम होत असेलही, पण पुष्कळदा अर्ज उलट जास्त बारकाईनं तपासला जातो.

शिष्यवृत्ती, कर्ज, व्हिसा यांवर परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि हे अर्ज देण्याआधी पाहायचं. काही शिष्यवृत्त्या ठरावीक विषयासाठीच असतात. शैक्षणिक कर्ज ज्या अभ्यासक्रमासाठी मंजूर झालं तोच बदलला तर बँकेला कळवावं लागतं. सत्र वाढलं तर वाढीव फीची सोय कुठून, हेही बघा. परदेशात शिकत असाल तर आधी तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना मेजर बदललं तर तिथल्या अधिकाऱ्याला कळवून आय-२० या प्रवेशाच्या प्रमाणपत्रावर दुरुस्ती करून घ्यावी लागते. पदवीनंतर काम करण्याची परवानगी अभ्यासाच्या विषयाशी जोडलेली असते, त्यामुळे ही दुरुस्ती वरवरची समजू नका.

अर्ज देऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रोज विचारायला जाऊ का?

रोज नको. पोच दाखवून 'अर्ज सध्या कुणाकडे आहे?' एवढं विचारा. 'काय झालं?' असं विचारलं की 'विचाराधीन आहे' हे उत्तर तयार असतं. कुणाकडे आहे असं विचारलं की टेबल कळतं. तोपर्यंत जुन्या विषयाचे तास बुडवू नका. मंजुरी गृहीत धरून परीक्षेला न बसलेली मुलं मी पाहिली आहेत. नकार आल्यावर त्यांच्याकडे जुना विषयही नीट उरला नव्हता.

नकार आला. आता?

आधी कारण लेखी मागा. जागा नव्हत्या म्हणून नकार असेल तर पुढच्या सत्रात पुन्हा अर्ज करता येईल का आणि प्रतीक्षायादी असते का, ते विचारा. गुणांमुळे असेल तर कोणत्या विषयात किती हवेत, हा आकडा मिळवा. तो आकडा हातात असला की दुसरा अर्ज लिहिणं सोपं असतं: 'मागील अर्जाच्या वेळी गणित २ मधील गुण अपुरे असल्याचे कळवण्यात आले होते, या सत्रात मी तो विषय …… गुणांनी उत्तीर्ण झालो आहे.' असा दुसरा अर्ज मी पहिल्यापेक्षा आदरानं वाचते.

नियम चुकीचा लावला गेला असं वाटत असेल तर अपील करा. त्यात फक्त तो नियम आणि तुमची कागदपत्रं असू द्यात. पहिल्या पत्रातली आवडनिवड तिथे पुन्हा सांगू नका.

मंजुरी मिळाली. पुढे काही करायचं असतं का?

तोंडी 'झालं तुमचं' यावर घरी जाऊ नका, लेखी आदेशाची प्रत घ्या. संगणकावरच्या तुमच्या नोंदीत नवा विषय दिसतो का, ते स्वतः पाहा. जुन्या विषयांची नोंदणी आपोआप रद्द होतेच असं नाही. ती राहिली तर सत्राच्या शेवटी न दिलेल्या परीक्षेचं 'गैरहजर' तुमच्या नावावर पडतं आणि ते पुसून घ्यायला आणखी एक अर्ज लिहावा लागतो. ग्रंथालय आणि प्रयोगशाळेचं येणं-देणं मिटवा. जुन्या विभागप्रमुखांना भेटून या. पुढेमागे शिफारसपत्राला त्यांचीच सही लागली तर दार ओळखीचं असेल.